लग्नाचा केक घरी होईल का?

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी आहे. आम्ही वसईचे. पाहुणे अडीचशेच्या घरात जातील. मांडव, जेवण आणि बँड यांतच खर्च हाताबाहेर चालला आहे, म्हणून ‘केक मी घरी करते’ असं सगळ्यांना सांगून बसले आहे. नाताळचा केक मी दरवर्षी करते, लग्नाचा कधी केलेला नाही. घरी २८ लिटरची ओटीजी आहे. आजीच्या लग्नाच्या फोटोत तीन मजली, कडक पांढऱ्या थराचा केक दिसतो. आतून तो काळा, फळांचा असायचा म्हणे. तसाच का करायचे? मला तो जमेल का, की क्रीमचा करून मोकळी होऊ?
— एक वाचक, वसई

उत्तर : ताई, जमेल. आणि आजीच्या फोटोतलाच करा.

क्रीमचा केक सोपा वाटतो, पण तो आदल्या रात्रीच करावा लागतो. आदल्या रात्री लग्नघर कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. हळद झालेली, पाहुणे उतरलेले, फ्रिज दुधाच्या पिशव्यांनी आणि मटणाच्या डब्यांनी भरलेला. त्यात तीन थरांचं क्रीम कुठे ठेवणार आणि कधी लावणार? एवढं करूनही दुसऱ्या दिवशी मांडवाच्या दिव्यांखाली ते तासाभरात सैल पडतं. फळांचा केक याच्या बरोबर उलटा. तो सहा आठवडे आधी भाजून ठेवता येतो, आणि त्या सहा आठवड्यांत त्याची चव उतरत नाही, चढते. खर्चाचंही तसंच आहे. घाईत घेतलेली प्रत्येक वस्तू महाग पडते. हातात तीन महिने असले की काजू स्वस्त असेल त्या आठवड्यात घेता येतो, डबे मागून आणता येतात आणि चुकलेला केक पुन्हा भाजता येतो.

आता ‘तसाच का’ याबद्दल. ही चाल इंग्रजांकडून आली. राणी व्हिक्टोरियाच्या १८४० सालच्या लग्नात सुमारे ३०० पौंडांचा, म्हणजे १३६ किलोंच्या आसपासचा फळांचा केक होता. अंड्याचा पांढरा बलक आणि साखर घोटून केलेल्या कडक लेपाला ‘रॉयल आयसिंग’ हे नाव याच लग्नावरून रूढ झालं असं मानतात. त्या काळी शुभ्र, वस्त्रगाळ साखर महाग होती, म्हणून जितका पांढरा केक तितकी घरची श्रीमंती. पण लेपाला दुसरंही काम होतं. भिजवलेली फळं, भरपूर साखर आणि दारू यांच्यामुळे केकमध्ये जंतूंना वाढायला मोकळं पाणीच उरत नाही. त्यावर मार्झिपॅनचा आणि साखरेचा थर बसला की हवाही आत जात नाही. फ्रिज नसलेल्या काळात केक याच जोरावर महिनोन्‌महिने टिकायचा. वरचा मजला पहिल्या बाळाच्या बाप्तिस्म्यापर्यंत जपून ठेवायची इंग्रजांची रीत त्यातूनच पडली.

तीन मजल्यांची धास्ती मात्र घेऊ नका. तिन्ही मजले खरे असलेच पाहिजेत असा कुठेही नियम नाही. दुसऱ्या महायुद्धात साखरेचा तुटवडा पडला तेव्हा १९४० साली ब्रिटनमध्ये केकवर साखरेचं आयसिंग करायला सरकारने बंदी घातली. मग तिथल्या नवऱ्या मुलींनी पुठ्ठ्याचे नक्षीदार पांढरे केक भाड्याने आणून टेबलावर मांडले. आत छोटासा, साधा, खराखुरा केक असायचा. एवढ्यावर त्यांची लग्नं थाटात लागली. आपल्याकडेही कितीतरी हॉलमध्ये खालचा मजला पोकळच असतो, फक्त कोणी ते बोलून दाखवत नाही.

म्हणून माझा सल्ला असा. खालचा दहा इंची मजला खोटा, मधला आठ इंची खरा आणि वरचा सहा इंची खरा. वरचा वधूवरांना घरी न्यायला राहू दे. सुरी मधल्या मजल्याला लागेल. पाहुण्यांना वाटायचा केक वेगळ्या चौकोनी डब्यांत भाजून स्वयंपाकघरातच कापून ठेवायचा. खोट्या मजल्यासाठी थर्मोकोल आणू नका. सजावटीच्या थर्मोकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणि त्याची गरजही नाही. दहा इंच व्यासाचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घ्या, वजनासाठी आत तांदूळ भरा, झाकण चिकटपट्टीने पक्कं करा आणि बाहेरून जाड पांढरा कागद घट्ट चिकटवा. कागदावर आयसिंग चांगलं धरतं, नुसत्या पत्र्यावरून घसरतं.

आता हिशेब, कारण बहुतेक जणी इथेच चुकतात. आठ इंची डबा सहा इंचीपेक्षा ‘थोडा मोठा’ दिसतो, पण त्यात जवळजवळ पावणेदोन पट मिश्रण मावतं. व्यासावर जाऊ नका, व्यासाचा वर्ग करा. सहाचे छत्तीस, आठचे चौसष्ट. चौकोनी आठ इंची डब्यात गोल आठ इंचीच्या सव्वापट जातं. खात्री हवी असेल तर डबे पाण्याने भरून ते पाणी लिटरच्या मापाने मोजा.

आठ इंची गोल, अडीच इंच उंच केकसाठी माझं माप हे : मैदा २७५ ग्रॅम, लोणी २५० ग्रॅम, साखर २५० ग्रॅम, अंडी ५, फळं ९०० ग्रॅम, अर्धा चमचा बेकिंग पावडर, आणि दालचिनी-जायफळ-लवंगेची पूड मिळून दीड चमचा. भाजून साधारण दोन किलो होतो. सहा इंचीला याच्या निम्म्याहून किंचित जास्त लागतं. चौकोनी आठ इंचीला सव्वापट. एक चौकोनी केक आठ ओळी गुणिले बारा असा कापला तर २५ ग्रॅमचे ९६ तुकडे निघतात. असे दोन केले की १९२ आणि मधल्या मजल्याचे साठ-पासष्ट. अडीचशे पाहुण्यांचं भागलं. टोस्टच्या वेळी वाइनबरोबर एवढाच तुकडा पुरतो, त्याहून मोठा दिला तर निम्मा ताटलीत राहतो.

सगळं मिळून यादी अशी होते : मैदा सव्वा किलोच्या आत, लोणी एक किलोपेक्षा थोडं जास्त, साखर तेवढीच, अंडी २१, फळं ३ किलो ७०० ग्रॅम. बाजारभाव आठवड्याला बदलतात, म्हणून या वजनांसमोर तुमच्या वाण्याचा भाव लिहा आणि बेरीज करा. मग तेवढ्याच वजनाच्या केकचा भाव एखाद्या बेकरीत विचारा. निर्णय तुमचा तुम्हालाच करता येईल.

यादीत सर्वांत जास्त पैसे खाणारी ओळ फळांची. सर्वांत जास्त वाचवणारीही तीच, आणि इथे वसईकरांसारखं भाग्य कोणाचं नाही. परदेशी क्रॅनबेरी आणि डबाबंद चेरीच्या मागे लागू नका. बेदाणे सव्वा किलोला जरा कमी घ्या, आपले सांगली-तासगावचे. काळे मनुके ७०० ग्रॅम, खजूर ६००, काजूतुकडा २००. आणि ४०० ग्रॅम सुकेळी! राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली आपली सुकेळी बारीक चिरून केकमध्ये घातली की तिचा मधासारखा गोडवा आणि तो किंचित चिवटपणा कुठल्याही विकतच्या सुक्या फळात सापडत नाही. याला फार जुना दाखला आहे. केरळातल्या थलश्शेरीचे बेकरीवाले मांबळ्ळी बापू यांनी १८८३ साली एका इंग्रज मळेवाल्यासाठी नाताळचा केक केला, तेव्हा फ्रेंच ब्रँडीऐवजी त्यांनी तिथल्या केळ्यांपासून आणि काजूच्या बोंडांपासून गाळलेली दारू वापरली असं सांगतात. इंग्रजाला केक पसंत पडला. आपण तर लग्नाचा केक आपल्याच वाडीतल्या फळांनी करतो आहोत.

उरले ४०० ग्रॅम टुटीफ्रुटी आणि २०० ग्रॅम संत्र्याची साल. दोन्ही घरी करा. वाडीतली कच्ची पपई बारीक चौकोनी चिरून, पारदर्शक दिसेपर्यंत उकळून, साखरेच्या एकतारी पाकात रात्रभर ठेवायची आणि फडक्यावर दोन दिवस वाळवायची. संत्र्याच्या साली तीन वेळा पाणी बदलून उकळल्या की कडूपणा जातो, मग पाकात शिजवायच्या. आठवडाभर घरात संत्री खाल्ली की साली फुकटच जमतात.

काजू सोडून बाकीची फळं नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात रममध्ये भिजवा. ७५० मिलीची एक बाटली भिजवण्याला आणि पुढे केकला पाजण्यालाही पुरते. चिनी मातीची बरणी घ्या आणि रोज कोरड्या चमच्याने खालीवर करा. घरात दारू चालत नसेल तर संत्र्याच्या रसात फळं एक उकळी देऊन रात्रभर ठेवायची. तो केक मात्र लग्नाच्याच आठवड्यात भाजून फ्रिजमध्ये ठेवावा लागेल, तो महिनाभर टिकणार नाही.

केकचा काळा रंग फळांनी येत नाही, करपवलेल्या साखरेने येतो, आणि ही पायरी जपून करा. चारही केकच्या साखरेतून मिळून ३०० ग्रॅम काढून ठेवा आणि जाड बुडाच्या कढईत, पाण्याशिवाय, मंद आचेवर चढवा. आधी कडा वितळतात, मग मध्ये पिवळसर तळं होतं. ते सोनेरी होतं, तांबडं होतं, आणि इथे पहिल्यांदा करणारी घाबरून गॅस बंद करते. थांबा. कडेला बारीक फेस येऊन तो आत सरकू लागतो, वास टॉफीचा राहत नाही, कडवट होऊ लागतो, निळसर धूर दिसतो आणि रंग काळ्या कॉफीचा होतो. त्या क्षणी गॅस बंद करून दीड वाटी गरम, अगदी उकळतं पाणी हात लांब ठेवून थोडं थोडं घाला. पाणी पडताच ते फणफणून वर उसळतं, म्हणून कढई खोल हवी आणि मुलं स्वयंपाकघराबाहेर हवीत. गार झालं की काकवीसारखं दाट होतं. चारही केकमध्ये मापाप्रमाणे वाटून घाला.

भाजणं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उरका. आगमनकाळ पुढे सरकला की प्रत्येक घरचा ओव्हन नाताळात गुंततो. डब्याला आतून दुहेरी बटर पेपर लावा, बाहेरून तपकिरी कागदाची पट्टी बांधा, म्हणजे तीन तासांच्या भाजणीत कडा जळत नाहीत. तापमान १४० ते १५० अंश. सहा इंचीला सव्वादोन तास, बाकीच्यांना तीन तास धरा. अडीच तासांनंतर विणायची सुई खुपसून पाहत राहा, ती कोरडी निघाली पाहिजे. तुमच्या ओटीजीत एका वेळी एकच डबा ठेवा, कारण चारही बाजूंनी इंचभर तरी हवा खेळली पाहिजे. चार भाजण्या, साधारण अकरा तास. पंधराशे वॉटची ओटीजी सलग तापत राहिली असं धरलं तरी सोळा-सतरा युनिटं होतात, आणि थर्मोस्टॅट मध्ये मध्ये बंद होतो त्यामुळे प्रत्यक्षात कमीच. विजेच्या बिलाची काळजी सोडा. ओव्हनवर भरवसा नसेल तर गावातल्या बेकरीत विचारा. पावाचा घाणा निघाल्यावर भट्टी उतरती असते, तेव्हा घरचे डबे भाजून द्यायची रीत आपल्याकडे जुनी आहे. मात्र डबा पाठवून घरी बसू नका, पहिला केक बाहेर येईपर्यंत तिथे उभ्या राहा.

केक गार झाला की बटर पेपरमध्ये, त्यावर फॉइलमध्ये गुंडाळून डब्यात ठेवा आणि आठवड्याला दोन चमचे रम वरून पाजा.

मार्झिपॅन फक्त दोन गोल केकना करा. बदामाचं करायची गरज नाही, आपल्याकडे ते काजूचंच होत आलं आहे, आणि दळायचेच आहेत तर अख्खे काजू कशाला? तुकडाच घ्या. ६०० ग्रॅम काजूची पूड, तेवढीच पिठीसाखर, दोन अंड्यांचा पांढरा बलक, गुलाबपाणी, बदामाच्या अर्काचे दोन थेंब. काजू एकदम फिरवले तर तेल सुटून लगदा होतो, थांबत थांबत दळा. केकवर जॅमचा पातळ हात फिरवून हा थर लावायचा आणि मग काहीच करायचं नाही. पाच दिवस उघड्यावर, जाळीखाली, वाळू द्यायचं.

हे पाच दिवस मी एकदा दिले नव्हते. भाचीच्या लग्नात मार्झिपॅन लावलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी वर आयसिंग चढवलं. लग्नाच्या सकाळी पाहते तर पांढऱ्याशुभ्र केकवर पिवळसर तेलकट डाग उमटलेले, रुपयाएवढे. सोळा ठिकाणी साखरेची फुलं चिकटवून ते झाकले. फोटोत कोणाला कळत नाही, मला अजून प्रत्येक फुलाखालचा डाग दिसतो. तुमच्या बहिणीच्या केकवर तो दिसू नये म्हणून सांगते : दहा दिवस आधी मार्झिपॅन, पाच दिवस आधी आयसिंगचा पहिला हात, दुसऱ्या दिवशी दुसरा, आणि नक्षी दोन दिवस आधी.

आयसिंगला पाव किलो वस्त्रगाळ पिठीसाखरेला एका अंड्याचा पांढरा बलक आणि लिंबाचे चार थेंब. तिन्ही मजल्यांना अडीच किलोपर्यंत साखर लागेल. खऱ्या दोन मजल्यांच्या आयसिंगमध्ये अर्ध्या किलोला एक चमचा खायचं ग्लिसरीन घाला, नाहीतर सुरी लागताच त्याच्या ठिकऱ्या उडतील. कच्चं अंडं वापरायचं नसेल तर पांढऱ्या बलकाची भुकटी केकच्या साहित्याच्या दुकानात मिळते. गरोदर बाया आणि म्हातारी माणसं पंगतीत असणारच, तेव्हा मार्झिपॅन आणि आयसिंग दोन्हींना मी भुकटीच घ्या म्हणेन. इथे चार पैसे जास्त गेले तरी जाऊ द्या. तसंच लोण्याचं. वनस्पती तुपात केलेला केक टाळ्याला चिकटतो, आणि लग्नात खाल्लेली ती चव लोक विसरत नाहीत. वाटायच्या चौकोनी केकना मार्झिपॅनही नको, आयसिंगही नको. तुकडे बटर पेपरमध्ये बांधा, वर पातळ फीत. फीत बांधायला घरातल्या पोरी बसवा, एका संध्याकाळचं काम आहे.

वरचा मजला मधल्यावर नुसता ठेवू नका. चार बांबूच्या काड्या केकच्या उंचीएवढ्या कापून आत उभ्या रोवा आणि वरच्या केकखाली पुठ्ठ्याची गोल तबकडी द्या. भार काड्यांवर येतो, केक दबत नाही. तिन्ही मजले वेगवेगळे हॉलवर न्या आणि तिथेच रचा.

सजावटीला साखरेची महाग फुलं कशाला? वसईचा मोगरा दादरच्या बाजारात जातो, तो आपल्या बहिणीच्या केकवर का नको? वाडीतला, औषध न मारलेला घ्या, देठांना फॉइल गुंडाळा आणि शेवटच्या तासात लावा. कण्हेर चुकूनही नको, ती विषारी आहे. खुरचाफाही नको, त्याला चीक असतो.

आणखी एक, तुम्ही न विचारलेलं. लग्नाला शेजारपाजारचे सगळ्या धर्मांचे लोक येतील. कोणी वारकरी असेल, कोणी मुसलमान, कोणी अंडं न खाणारं. रमच्या केकच्या ताटापुढे ‘यात अंडं आणि रम आहे’ अशी ठळक चिठ्ठी ठेवा, आणि दोन्ही नसलेला एक छोटा केक वेगळ्या ताटात, वेगळ्या सुरीने कापून ठेवा. केक वाटणाऱ्या मुलांनाही हे आधी समजावून सांगा.

आत्ता दोन कामं करा. ओटीजीचं आतलं माप पट्टीने घ्या, आणि सुकेळीची मागणी आगाशीकडे आजच नोंदवून ठेवा, ती करणारी घरं आता थोडीच उरली आहेत. ऑक्टोबरात एक सहा इंची केक सरावाला भाजा. तो बिघडला तर काय बिघडलं ते मला लिहून कळवा, दुरुस्त करायला वेळ भरपूर आहे.